फुक्सची मिरची बरोबर, अकोस्टाची झाडं अडखळलेली: असं का?

मिरवेल
लेओनहार्ट फुक्सचा वनस्पतिग्रंथ १५४२ साली बासेलला छापला. त्यात मिरचीची पानभर मोठी चित्रं आहेत: पानांची मांडणी, खाली झुकलेलं फूल, देठाशी चिकटलेली निदलाची, म्हणजे फुलाखालच्या हिरव्या दळांची टोपी, सगळं जागच्या जागी. फुक्स ट्युबिंगेनचा वैद्य. त्याने ना अमेरिका पाहिली, ना हिंदुस्थान. नाव मात्र त्याने 'कालिकतची मिरी' असं चुकीचं दिलं.
उलट क्रिस्तोव्हाँव द कोश्ता, म्हणजे स्पॅनिशातला अकोस्टा. हा १५६८ ला गोव्यात उतरला, कोचीनच्या इस्पितळात वैद्य होता, झाडं रोज पाहत होता. १५७८ साली बुर्गोसला त्याचा ग्रंथ निघाला, चाळीसहून अधिक लाकडी ठशांच्या चित्रांसह. आणि ती चित्रं बघा: मोठे वृक्ष झुडपाएवढे झालेले, पानं अवाच्या सवा मोठी, खाली मुळांचा झुपका.
ज्याने झाड पाहिलं त्याचं चित्र कच्चं आणि ज्याने देश पाहिला नाही त्याचं पक्कं, हे कसं? जाणकारांनी तपशिलात सांगावं.

शाईकाठ
देश कोणी पाहिला याने काही ठरत नाही. कागद समोर असताना रोप कोणाच्या पुढ्यात होतं, ते बघा.
फुक्सकडे तिघे जण होते आणि तिघांची नावं, चेहरे ग्रंथाच्या शेवटी छापले आहेत. आल्ब्रेख्त मायर रोपावरून चित्र काढायचा. हाइनरिश फ्युलमाउरर ते लाकडावर उतरवायचा. फाइट रुडोल्फ श्पेक्ले ठसा कोरायचा. त्या पानावर मायर पात्रात ठेवलेलं रोप बघून रेखाटतो आहे. मिरची तेव्हा जर्मनीत मातीच्या कुंड्यांत लावली जात होती, म्हणजे मायरच्या समोर जिवंत रोप होतं. फुलाचं देठ वाकतं, फळ पिकताना रंग बदलतं, हे तो आठवडाभर बघू शकत होता.
अकोस्टाचा ठसा कोरणाऱ्याच्या हाती आलं ते कागदावरचं रेखाटन. काय पुसट आहे आणि काय खरोखरच तसं आहे, हे विचारायला त्याच्याजवळ झाडच नव्हतं. बुर्गोसमध्ये मिरीचा वेल कुठून येणार?

दगडफूल
शाईकाठ, सहमत. पण सगळा दोष अंतरावर टाकू नका, तंत्राचाही वाटा आहे. लाकडी ठसा कसा कोरतात ते माहीत असलं तर निम्मी चित्रं आपोआप समजतात.
लाकूड बहुधा नाशपातीचं. फळी खोडाच्या लांबीच्या दिशेने कापलेली, म्हणजे रेषे आडवे पडलेले. जाडी अक्षरांच्या खिळ्यांइतकी, साधारण २३ मिलीमीटर, कारण ठसा आणि मजकूर एकाच चौकटीत बसवून एकाच दाबात छापायचे. रेघ ही कोरायची नसते, ती सोडायची असते. रेघेच्या दोन्ही बाजूंनी सुरी तिरकी चालवायची, म्हणजे रेघेचा पाया रुंद राहतो आणि माथा बारीक. मग मधलं लाकूड गोलचीने, म्हणजे गोल धारेच्या पटाशीने काढायचं.
सुरी सरळ उभी चालवली तर पाया उरत नाही. दोन-तीनशे प्रतींनंतर रेघ मुडपते किंवा तिचा टवका जातो. रेष्यांना काटकोनात जाणारी बारीक रेघ सगळ्यात आधी तुटते. म्हणून पानाच्या आडव्या उपशिरा जुन्या ठशांत कमी दिसतात. त्या चित्रकाराला दिसल्या नाहीत असं नाही, कोरणाऱ्याने वगळल्या.
चूक झाली तर तेवढा भाग पोखरून नवीन लाकडाची खुंटी ठोकायची, घासून सपाट करायची आणि पुन्हा कोरायचं. छापात खुंटीच्या कडेची बारीक पांढरी फट कधीकधी दिसते. भिंगातून फुलांच्या आसपास बघा, दुरुस्ती बहुतेक तिथेच असते.

पर्णकक्ष
छान माहिती. एक भर: ठसा छापला की चित्र आरशातल्यासारखं उलटं येतं. चित्रकाराने उलटं उतरवण्याची काळजी घेतली नाही तर वेलाचा पीळही उलटतो.
श्रावणघेवड्याचा वेल समोरून पाहिला तर खालून डावीकडून वर उजवीकडे चढतो आणि ही दिशा बदलत नाही. हा घेवडा अमेरिकेतून आलेला, सोळाव्या शतकात युरोपला नवीनच होता. एखाद्या ग्रंथात तो उलटा चढलेला दिसला, तर दोनच शक्यता: लाकडावर सुलटंच रेखाटलं, किंवा दुसऱ्याचं छापील चित्र समोर ठेवून थेट नक्कल केली. पान डावीकडे की उजवीकडे यावरून काही कळत नाही, पिळावरून कळतं.

रानफूल
नक्कल तेव्हा चालायची का? हक्कबिक्क काही होतं?

शाईकाठ
भांडणं होत होती. ब्रुनफेल्सचा वनस्पतिग्रंथ स्ट्रासबुर्गच्या योहान शॉटने १५३० ला छापला, चित्रं हान्स वाइडिट्सची. फ्रँकफुर्टचा छापखानदार एगेनोल्फ याने ती उचलली आणि शॉटने त्याच्यावर दावा लावला.
वाइडिट्सबद्दल एक सांगतो, कारण ते धाग्याच्या मुद्द्याशी जुळतं. त्याने समोरचं रोप जसंच्या तसं काढलं: मान टाकलेलं पान, किड्याने खाल्लेली कड, मोडलेला देठ. ते त्या एका रोपाचं व्यक्तिचित्र आहे. फुक्सची तऱ्हा निराळी. त्याला त्या जातीचं चित्र हवं होतं. त्याने प्रस्तावनेत लिहिलंय की छाया आणि कलाकुसरीने रोपाचं मूळ रूप झाकलं जाऊ नये म्हणून चित्रकारांना त्याने तशी मोकळीक दिली नाही. म्हणून त्याचे ठसे जवळजवळ नुसते रेघांचे आहेत.

पर्णकक्ष
आणि त्या आदर्श रूपापायी फुक्स कधीकधी निसर्गात नसलेलं रोपही काढतो. त्याच्या एका चित्रात एकाच रोपावर पांढरी, पिवळी आणि जांभळी अशा तीन रंगांची फुलं आहेत. त्या खरं तर वेगवेगळ्या जाती, जागा वाचवायला एका देठावर बसवलेल्या. नवख्याने ते रोप रानात शोधलं तर जन्मभर सापडायचं नाही.
तरी ओळख पटवण्यासाठी मी फुक्सच्या बाजूने. एकाच फांदीवर कळी, उमललेलं फूल, कच्चं फळ आणि पिकलेलं फळ हे आजच्या वनस्पतिचित्रातही लागतंच. वाइडिट्सचं कोमेजलेलं पान देखणं आहे, पण पानाची खरी रुंदी त्यावरून मोजता येत नाही.

कागदवैद्य
पर्णकक्ष, इथे मी असहमत. कोमेजलेलं पान हीदेखील नोंदच आहे. पातळ पान आधी मान टाकतं, चिवट पान उशिरा. वाइडिट्सच्या चित्रावरून पानाचा पोत कळतो, फुक्सच्या सपाट रेघांतून तो कळत नाही. परदेशी रोपांच्या बाबतीत तर पोत फार महत्त्वाचा, कारण वाळवून आलेल्या नमुन्यात तोच आधी हरवतो.

गुलबास
पोताचा मुद्दा निघाला तर याकोपो लिगोत्झीचं नाव घ्यायलाच हवं. १५७७ पासून तो फ्लॉरेन्सला मेदिची घराण्याच्या पदरी होता. त्याची वनस्पतिचित्रं ठशांची नाहीत, कागदावर थेट रंगवलेली आहेत आणि आज तिथल्याच उफित्सी संग्रहालयात आहेत. मेक्सिकोकडून आलेलं घायपात त्याने काढलं, आपला गुलबासही काढला.
गुलबास काढणं किती अवघड ते बघा. फूल संध्याकाळी चार-पाचनंतर उमलतं आणि सकाळी मिटतं. चांगला उजेड असतो तेव्हा फूल नसतं, फूल असतं तेव्हा उजेड सरतो. शिवाय एकाच झाडावर गुलाबी, पिवळी आणि ठिपक्यांची फुलं येतात. फांदी तोडून पाण्यात ठेवली तर पेरापाशी लगेच मलूल होते, म्हणून रोप कुंडीतलंच हवं. आजही काढायचा असेल तर दुपारी पानं आणि खोडाची पेरं पुरी करा, फुलाची जागा पेन्सिलीने मोकळी ठेवा आणि संध्याकाळच्या अर्ध्या-पाऊण तासात फक्त नळी, पाच पुंकेसर आणि बाहेर डोकावणारी कुक्षी घ्या. रंग आधीच कागदाच्या तुकड्यावर जुळवून ठेवा. दिव्याच्या पिवळ्या उजेडात गुलाबी जुळवायला गेलात तर सकाळी तो जांभळा दिसेल.

रानफूल
घायपात वाळवून पाठवता येत असेल का? इतकं मांसल पान.

पर्णकक्ष
नाही, आणि तिथेच ग्यानबाची मेख आहे. लुका गिनीने पिसा-बोलोन्यात रोपं दाबून, वाळवून कागदावर चिकटवायची पद्धत रुजवली. पिसाची बाग १५४४ ची, पादुआची १५४५ ची. त्यामुळे रोपं बागेत जगू लागली आणि कागदावर टिकू लागली. पण मांसल झाडं दाबात काळी पडतात किंवा कुजतात. पान तोडलं तरी पेशी कित्येक दिवस जिवंत राहतात, पाणी सोडत नाहीत.
त्यावर आज करतात तो उपाय: पान उभं चिरायचं, आतला गर चमच्याने खरवडायचा, साल अर्धा-एक मिनिट उकळत्या पाण्यात बुडवून टिपकागदात घालायची. पहिले चार दिवस टिपकागद रोज बदलायचा, नंतर एक दिवसाआड. साधं रोप आठ-दहा दिवसांत वाळतं. कोकणात पावसाळ्यात हे चालत नाही, दुसऱ्या दिवशीच बुरशी धरते. तिथे दाबाखालून कोमट हवा खेळवावी लागते.
वाळलेल्या नमुन्यावरून काढलेलं चित्र ओळखायची खूण: सगळी पानं एकाच प्रतलात, एकही पान प्रेक्षकाकडे टोक करून आलेलं नाही आणि नळीसारखी फुलंही पंख्यासारखी उलगडलेली. असं फूल कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं भिजवलं की पुन्हा फुगतं, मग टाचणीने उघडून आतलं बघता येतं.

उंबरठा
अवांतर, पण राहवत नाही. जर्मन चित्रकार ड्युररचा १५१५ चा गेंडा हे याच दुखण्याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण. जनावर गुजरातच्या सुलतानाने दिलेलं, गोव्याहून जहाजाने लिस्बनला गेलं. ड्युररने ते पाहिलंच नाही, आलेल्या वर्णनावरून आणि रेखाटनावरून काढलं. अंगावर चिलखतासारखे पत्रे आणि मानेपाशी दुसरं छोटं शिंग. हा अकोस्टाच्या झाडांचा थोरला भाऊ म्हणा.

दगडफूल
अवांतर अजिबात नाही. १५०३ साली गवताचा तुकडा पातं न् पातं मोजून रंगवणारा तोच हा ड्युरर. हात तोच, पुढ्यात आलेला ऐवज वेगळा.

शाईकाठ
ऐवजाबद्दल आणखी एक. गोन्सालो फेर्नांदेस दे ओव्हिएदोने १५३५ साली सेव्हिलला अननसाचं चित्र छापलं. तो स्वतः कॅरिबियन बेटांवर होता, फळ खाऊन बघितलेलं. त्याने लिहून ठेवलंय की असं फळ काढायला बेरुगेते, लिओनार्दो किंवा मांतेन्या यांच्या तोडीचा चित्रकार हवा होता, तो इथे नाही. म्हणजे पाहणारा आणि काढणारा एकच असला तरी हात तयार नसला की गाडी अडते.

मिरवेल
खूप माहिती मिळते आहे, मंडळी. गोव्यातला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता, त्याचं काय? त्याचा ग्रंथ तर १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात चित्रंच नाहीत ना?

पारिजातक
झाडांची चित्रं नाहीत, बरोबर. ओर्ताचा भर नावं आणि गुण यांवर आहे. फणसाला कानडी-गुजराती लोक 'पणस' म्हणतात हे त्याने नोंदवलंय आणि आपल्या पारिजातकाला 'पारिझाताको'. त्याची गोष्टही दिली आहे, सूर्यावर जीव जडलेल्या मुलीची. पोर्तुगीज त्याला दुःखी झाड म्हणायचे.
वनस्पतिशास्त्रज्ञ कार्लुस क्लुसियुसने ओर्ताचा लॅटिन संक्षेप १५६७ ला अँटवर्पमध्ये प्लांटिन या छापखानदाराकडून काढला आणि त्यात मोजकी चित्रं घातली, तीही बहुतेक हाताशी आलेल्या सुक्या वस्तूंवरून. मला हे फार प्रामाणिक वाटतं. जे पाहिलं तेवढंच छापलं.
पारिजातकाचंच बघा. फूल रात्री उमलतं, पहाटे गळतं. पांढऱ्या पाकळ्या चाकासारख्या किंचित मुरडलेल्या, देठ केशरी. काळ्या रेघांच्या ठशात तो केशरी देठ येणारच नाही. आणि तोच तर या फुलाची ओळख.

रानफूल
मग हाताने रंगवायचे ना? जुन्या प्रती रंगीत दिसतात.

कागदवैद्य
काही रंगवलेल्या, काही कोऱ्या. रंगीत प्रत महाग. आज या प्रतींचं जतन करताना सगळ्यात जास्त त्रास हिरव्या रंगाने होतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.
हिरव्यासाठी जंगाल वापरत, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर शिरक्याच्या वाफेने चढणारा निळसर-हिरवा थर. लालासाठी हिंगूळ किंवा पतंगाच्या लाकडाचा रंग, निळ्यासाठी अझुराइट, पिवळ्यासाठी केशर किंवा शिसं-कथिलाचा पिवळा. बांधायला डिंक.
जंगालातलं तांबं कागदाच्या तंतूंची झीज घडवतं. आधी कागदाच्या मागच्या बाजूला तपकिरी सावली उमटते, पुढच्या पानावरही तिचा डाग पडतो. मग कागद ठिसूळ होतो आणि शेवटी रंगवलेल्या पानाचा आकारच कागदातून गळून पडतो, जणू कात्रीने कापलाय. असा कागद पाण्याने धुऊ नये. पाण्याबरोबर तांबं पसरतं आणि चांगला भागही बाधतो. मधे आम्लरहित कागद घालावा, पान उलटताना खाली पुठ्ठ्याचा आधार द्यावा, दमटपणा ५० टक्क्यांच्या आसपास स्थिर ठेवावा.
पतंगाचा लाल उजेडाने उडतो, सफेदा काळवंडतो. म्हणून जुन्या प्रतीतलं फिकट तपकिरी फूल मुळात गुलाबी असू शकतं. रंगावरून जात ठरवताना हे विसरू नका.
नक्कल रंगवून बघायची असेल तर खरं जंगाल वापरू नका, विषारी आहे. सुती कागद घ्या, लिटरभर कोमट पाण्यात २० ग्रॅम जिलेटिन आणि २ ग्रॅम तुरटीची खळ द्या, टांगून वाळवा. खळ कमी पडली तर रंग रेघेबाहेर फुटतो, जास्त झाली तर मण्यांसारखा गोळा होतो. एक भाग डिंक दोन भाग पाण्यात रात्रभर भिजवून गाळून घ्या. डिंक जास्त झाला की वाळल्यावर रंगाला तडे जातात.

गुलबास
वाचनखूण साठवली! कागदवैद्य, काजळीने पानाचे छाप घेतात तेही याच काळातलं ना?

कागदवैद्य
हो. लिओनार्दोच्या वहीत सेज नावाच्या वनस्पतीच्या पानाचा छाप आहे आणि शेजारी कृतीही. मेणबत्तीची काजळी पातळ सरसात कालवून कागदावर लावायची, पानावर तेलातला सफेदा पातळसा फासायचा आणि खिळ्याच्या अक्षरासारखं दाबायचं. शिरा आपोआप उमटतात, कोरणाऱ्याच्या हाताची गरज नाही. मात्र पान ताजं रसरशीत असेल तर दाबाखाली फुटून रस पसरतो. तासभर पुस्तकात दाबून मगच घ्यावं.

दगडफूल
ठशांच्या फेरवापराबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. ठसा महाग, म्हणून तो पुस्तकामागून पुस्तकात फिरायचा. अँटवर्पच्या प्लांटिन-मोरेटुस संग्रहालयात वनस्पतींचे तीन हजारांहून अधिक लाकडी ठसे आजही आहेत. दोदोएन्स, लोबेल, क्लुसियुस या तिघांचे ग्रंथ त्याच साठ्यावर चालले.
फिरण्यातला धोका जेरार्डच्या १५९७ च्या लंडनच्या ग्रंथात दिसतो. ठसे बहुतेक फ्रँकफुर्टहून आणलेले, मजकूर वेगळा, त्यामुळे बरीच चित्रं भलत्याच मजकुराशी लागली. नव्याने कोरलेल्या थोड्या ठशांपैकी एक बटाट्याचा. रोप नीट काढलं, पण गाव व्हर्जिनिया सांगितलं, जिथे बटाटा मुळात नव्हताच. फुक्सच्या कालिकतचाच प्रकार.
क्लुसियुसकडे बटाट्याचं जलरंगातलं चित्र जानेवारी १५८८ मध्ये व्हिएन्नात पोचलं होतं. त्यावर कोणाकडून आणि कधी आलं ते लिहून ठेवलंय. चित्रावर तारीख आणि पाठवणाऱ्याचं नाव असणं ही मला सगळ्यात मोठी सुधारणा वाटते.

पारिजातक
आणि अकोस्टाला जे जमलं नाही ते शंभर वर्षांनी कोचीनमध्येच जमलं. डच अधिकारी व्हान रेडेचा मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा ग्रंथ, ॲमस्टरडॅम, १६७८ ते १६९३. काळ प्रबोधनाच्या पुढचा, पण फरक नेमका कळतो. ताज्या फांद्या कोचीनला आणल्या, चित्रं तिथेच काढली, तिथेच इट्टी अच्युतन वैद्य आणि रंग भट, विनायक पंडित, आप्पु भट हे कोंकणी पंडित तपासायला बसले. ॲमस्टरडॅमला फक्त तांब्याचा पत्रा कोरला. पहिल्या खंडात त्या तिघांची साक्ष नागरी अक्षरांतल्या कोंकणीत छापली आहे आणि चित्रांवरही झाडांची नावं नागरीत कोरली आहेत. तांब्यावर रेघ खोदायची असते, सोडायची नसते. त्यामुळे त्यात उपशिरासुद्धा येतात.

उंबरठा
पण ताम्रपट, म्हणजे हा कोरलेला तांब्याचा पत्रा, मजकुरासोबत छापता येत नाही ना? वेगळं रूळयंत्र लागतं.

दगडफूल
लागतंच. शाई खाचेत भरायची, माथा पुसून काढायचा, ओलसर कागद रुळाखाली दाबून ती खाचेतून ओढून घ्यायची. पट झिजतोही लवकर. म्हणून सोळाव्या शतकात बहुतेक वनस्पतिग्रंथ लाकडावरच राहिले. १५९६ चा लिन्सखोतेनचा प्रवासग्रंथ वेगळा, त्यात हिंदुस्थानी फळझाडं ताम्रपटावर आहेत. तो गोव्यात पाच वर्षं होता. पण एकाच पटावर बरीच झाडं शेजारी-शेजारी उभी केल्यामुळे मापांचं गणित बिघडलं.

मिरवेल
मग अकोस्टाचं एखादं चित्र समोर आलं तर आधी काय बघू? चुकलंय एवढं म्हणून सोडून द्यायचं नाही.

पर्णकक्ष
फळ कुठे लागलंय ते बघा. फणस खोडावर आणि जाड फांद्यांवर लागतो. जो फक्त ऐकून काढतो तो फळ डहाळीच्या टोकाला टांगतो, कारण त्याच्या ओळखीची सफरचंदं, नाशपाती तिथेच लागतात. मग पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक. पाहणाऱ्याने रेखाटन केलेलं असेल तर ही मांडणी टिकते, नंतरचा कोरणारा सहसा ती बदलत नाही. माप आणि मुळांवरून मात्र काही ठरवू नका. ठसा केवढा यावर माप ठरायचं आणि वनस्पतिग्रंथात मूळ दाखवायची रीतच होती, कारण औषधात मुळी लागायची.

शाईकाठ
फुक्सच्या मिरचीलाही हीच कसोटी लावा. प्रत्येक बेचक्यात फूल, एकाच झाडावर कच्ची-पिकी फळं, सगळं पाहून काढलेलं. 'कालिकत' हा शब्द चित्रकाराचा नाही, तो बी आणणाऱ्या व्यापाऱ्यांकडून ग्रंथकाराकडे आलेला. त्या काळी दूरचं काहीही तिखट-सुगंधी आलं की ते कालिकतचंच वाटायचं. मक्याला फुक्सने 'तुर्की धान्य' म्हटलंय, पण चित्रात शेंड्याचा तुरा आणि पानाच्या बगलेतून निघालेलं केसाळ कणीस दोन्ही आपापल्या जागी आहेत.

मिरवेल
अकोस्टाची पानं आता देठाच्या जोडापासून बघायला घेते. पारिजातकाच्या चित्रापासून सुरुवात. पारिजातक, त्याची पानं समोरासमोर असतात ना?

पारिजातक
हो, समोरासमोर. कड थोडी दातेरी, वरून हात फिरवला तर खरखरीत कागदासारखं लागतं. कोवळी फांदी चौकोनी असते, तीही बघा. ठशात चौकोनी फांदीला मधोमध एक उभी रेघ जास्त लागते.